कॉल लागला की तंबोरा बिघडतो

प्रश्न: मी सिंहगड रस्त्यावर राहते आणि घरूनच ऑनलाइन गाणं शिकवते. लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. ब्लूटूथ हेडफोनवर तंबोऱ्याचं ॲप सुरेख ऐकू येतं; पण व्हिडिओ कॉल लागला की तोच तंबोरा डब्यातून वाजल्यासारखा होतो. भाचा म्हणतो, "मावशी, विंडोज टाक." टाकू का?

उत्तर: नको, ताई. हा हेडफोन विंडोजवरही बहुधा असाच वागेल, कारण मूळ दुखणं ब्लूटूथचं आहे. नुसतं ऐकताना हेडफोन ए२डीपी प्रोफाइलवर, म्हणजे ब्लूटूथच्या ऐकण्यासाठीच्या पद्धतीवर, असतो. त्यात आवाज स्टिरिओ असतो, पण फक्त तुमच्या कानापर्यंत येतो. कॉलने हेडफोनचाच माइक मागितला की तो फोनवर बोलण्यासाठीच्या एचएफपी प्रोफाइलवर उतरतो. तिथे आवाज मोनो, आणि बहुतेक हेडफोनांत सेकंदाला आवाजाचे ८,००० किंवा १६,००० नमुने (सॅम्पल). ८,००० नमुन्यांत ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. जवारीची, म्हणजे तारेच्या गुंजणाऱ्या नादाची, वरची झळाळी तिथेच कापली जाते. तुमचा कान अगदी बरोबर सांगतोय.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ही अदलाबदल वायरप्लंबर नावाचा प्रोग्रॅम परस्पर करतो, आणि का केली ते सांगणारी एक ओळही समोर येत नाही. उबंटूने २२.१० आवृत्तीपासून आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओ या जुन्या प्रोग्रॅमच्या जागी पाइपवायर हा नवा आणला, त्यानंतर लिनक्सवरचा आवाज खरोखर सुधारलाय. पण आवाज का बदलला हे गाणाऱ्या माणसाला कळू नये, ही उणीव मी लहान मानत नाही.

वर्गापुरता ब्लूटूथ बंद ठेवा. वायरचा हेडफोन आणि यूएसबी माइक वापरा. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी करा. 'वेगळा ड्रायव्हर लागत नाही' असाच माइक मागा, तो लिनक्सवर सहसा लावताक्षणी चालतो. मग सेटिंग्जच्या 'साउंड'मध्ये आउटपुटला हेडफोन आणि इनपुटला तो माइक निवडा. नेटवरचे जुने उपाय वाचून पल्सऑडिओ पुन्हा बसवायच्या फंदात भाच्याला पडू देऊ नका.

तंबोरा शिष्यांनाही ऐकवत असाल, तर कॉलच्या ॲपमधलं 'नॉइज सप्रेशन' बंद करा. अखंड चालणारा सूर त्याला पंख्याची घरघर वाटते आणि ते तो पुसून टाकतं.