शंका-समाधान : शहाण्या कुमारींनाही झोप लागली होती

प्रश्न : आमच्या प्रार्थनागटातील एका बंधूंनी दानीएलाच्या ग्रंथावरून आकडेमोड करून प्रभू येशूच्या दुसऱ्या आगमनाची तारीख काढली असून तो संदेश व्हॉट्सॲपवर सर्वत्र फिरत आहे. यजमानांनी घराचे बांधकाम अर्ध्यावर थांबवले आहे. मिस्त्रीची मजुरी द्यायची राहिली, तर म्हणतात, ‘आता कशाला घाई?’ सासूबाई, झोपेत असताना प्रभू आला तर काय, या धास्तीने रात्र रात्र जागतात. ‘जागृत राहा’ या आज्ञेचा अर्थ हाच का?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी, आधी सासूबाईंविषयी लिहितो, कारण त्यांची अडचण सर्वांत खरी आहे. मत्तयाच्या २५व्या अध्यायातील, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दृष्टान्त त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि पाचव्या वचनापाशी थांबा. वराला उशीर झाला तेव्हा त्या सगळ्याच पेंगल्या आणि झोपी गेल्या, असे तेथे आहे. केवळ मूर्ख पाच नव्हेत, शहाण्याही. प्रभूने त्या झोपेबद्दल कोणालाही दोष दिलेला नाही. फरक पडला तो शहाण्यांनी दिव्यांसाठी बरोबर घेतलेल्या तेलाने, आणि ते तेल मध्यरात्री हाक आल्यावर शेजारणीकडून उसने मिळण्यासारखे नव्हते. म्हणजे ज्या जागृतीविषयी आपण बोलतो ती डोळ्यांची नसून आधीच करून ठेवलेल्या तयारीची आहे. ती ज्याची झाली आहे त्याने रात्री निश्चिंत झोपावे. (सासूबाईंचे वय लक्षात घेता डॉक्टरांनाही एकदा दाखवावे, प्रार्थना आणि औषध यांचे वैर नाही.)

तारखेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तो दिवस व ती घटका देवदूतांना नव्हे, पुत्रालाही नव्हे, तर केवळ पित्याला ठाऊक आहे, असे प्रभूनेच सांगितले आहे (मत्तय २४:३६). त्यामुळे जे पुत्रालाही ठाऊक नाही ते आपल्या गटातील बंधूंना गवसले असावे, हे मला पटत नाही. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने याच दानीएलातील २३०० दिवसांच्या हिशेबावर आपली अपेक्षा उभारली; त्याच्या अनुयायांनी अखेरीस २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला, काहींनी उभी पिकेही काढली नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीप्रमाणे उगवला. २०११ साली अमेरिकेतीलच रेडिओ-उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांची २१ मेची तारीख चुकल्यावर त्यांनी ती २१ ऑक्टोबरवर नेली, तीही गेली. असे संदेश पसरवणे नवीनही नाही. थेस्सलनीकातील मंडळीला पौलाने दुसऱ्या पत्रात बजावले होते की, जणू काही आमच्याकडूनच आलेल्या एखाद्या पत्राने, प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असे समजून घाबरून जाऊ नका (२:२). त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात कामधंदा न करता लुडबूड करणाऱ्यांना त्याने स्वतःची भाकर कमावून खाण्यास सांगितले आहे.

न्यायाविषयीची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ‘जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास तो येणार आहे’ हे आपण विश्वासांगीकारात म्हणतो, आणि ते म्हणताना थोडे थरथरावे, हे योग्यच आहे. पण मत्तय २५ मध्ये न्यायासनापुढे काय विचारले जाते ते पाहा : भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट. गरजवंतांसाठी केलेले ते माझ्यासाठीच केले, असे प्रभू तेथे म्हणतो. विशेष म्हणजे मेंढरे (उजवीकडचे नीतिमान) आणि शेरडे (डावीकडचे दोषी) दोघेही तोच प्रश्न करतात, ‘प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिले?’ कोणीच त्याला ओळखलेले नव्हते. एका गटाने न ओळखताही त्याची सेवा केली होती, इतकेच.

आता आपल्या यजमानांसाठी. त्यांना आगमनाची इतकी ओढ असेल तर याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून द्यावा. न्यायाधीश दाराशी उभा आहे, हे त्यातील नवव्या वचनात आहे. आणि त्याच्याच पाच वचने आधी, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे व तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे, असे लिहिले आहे. घर पुरे करायचे की नाही, ते त्यांनी सवडीने ठरवावे. मिस्त्रीचे पैसे या शनिवारीच द्यावेत.