फळमाशीचा निर्बंध: ‘दोनच संत्री नेली तर?’

फळमाशी सापडली म्हणून क्वारंटाइन, म्हणजे त्या भागातलं फळ बाहेर न्यायला बंदी, लागू झालं की पत्रं येतात, आणि निम्म्या पत्रांत एकच प्रश्न असतो. म्हणून तोच आधी.

प्रश्न: झाडाची पाच-सहा संत्री कापून पाहिली, अळी नव्हती. मग बहिणीकडे थोडी न्यायला काय हरकत?

हरकत आहे. कापून पाहिलेलं फळ कोणी नेत नाही. नेतात ते न कापलेलं. मादी सालीखाली अंडी घालते. ती जेमतेम मिलिमीटरभर लांब, आणि वर डंखाची खूण टाचणीच्या टोकाएवढी, तीही पुष्कळदा दिसत नाही. फळ वरून चकचकीत आणि आत अळ्या, हे नेहमीचंच. पुढे अळी फळातून बाहेर पडते, मातीत शिरून कोष करते आणि नव्या गावात माशी होऊन निघते. माशीला पंख आहेत खरे, पण लांबचा पल्ला ती माणसाच्या पिशवीतूनच गाठते. 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्समध्ये प्राच्य फळमाशी (ओरिएंटल फ्रूट फ्लाय) या जातीपायी दोन हजारांवर घरांच्या परसातली फळं उतरवायचं ठरलं. तेव्हा ‘दोनच तर आहेत’ हे मला सांगू नका. अगदीच न्यायचं असेल तर आधी वनस्पती संरक्षण अधिकाऱ्यांना विचारा.

प्रश्न: मुरंबा करून नेला तर?

शिजवलेलं सहसा चालतं. तरी तुमच्या क्षेत्राची नियमावली पाहा.

प्रश्न: केळ्यांवर घोंघावणारी चिलटं हीच का?

नाही.

प्रश्न: दुकानदार म्हणतात, चार कामगंध सापळे टांगा, फवारणीचा खर्च वाचेल. खरं का?

त्यांचा सापळ्यांचा खप वाढेल, हे खरं. सापळ्यात वासाचं आमिष म्हणून ठेवतात त्या मिथाइल युजेनॉलला प्राच्य फळमाशीचे नर भुलतात, अंडी घालणारी मादी नाही. भूमध्यसागरी फळमाशी या दुसऱ्या जातीचा नर तर त्याकडे फिरकतही नाही, त्याला ट्रायमेडल्युर हे वेगळं आमिष लागतं. मिथाइल युजेनॉलनेच 1963 मध्ये प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावरून प्राच्य फळमाशी संपवली होती, पण ते आणि कीटकनाशक यांत भिजवलेले तुकडे बेटभर टाकून. तुमच्या चार सापळ्यांचं काम पहारेकऱ्याचं आहे, माशी आली हे कळवण्याचं. कोणती माशी, हे ओळखून घेतल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

प्रश्न: गळालेली फळं कंपोस्टच्या ढिगात टाकतो. बरोबर ना?

निर्बंध असताना मुळीच नाही. उथळ पुरूनही उपयोग नाही, अळीला कोष करायला मातीच हवी असते. रोज वेचा, दोन पिशव्यांत एकात एक घट्ट बांधा आणि विल्हेवाट यंत्रणा सांगेल तशीच लावा.

प्रश्न: पुढच्या महिन्यात निर्बंध उठणार, असं ऐकलं.

कोणाकडून? साधारणपणे शेवटची माशी सापडल्यावर तिच्या तीन पिढ्यांचा काळ निरंक जावा लागतो. पिढीची लांबी तापमानावर ठरते. थंडीत ती लांबते. लेखी आदेश निघेपर्यंत निर्बंध आहे.

प्रश्न: पंधरवड्यापूर्वी मोसंबीत अळ्या दिसल्या. आणखी दिसल्या की कळवावं म्हणतो.

पंधरा दिवस! उन्हाळा असेल तर त्या अळ्या आता झाडावर नाहीत, मातीत कोषात असतील. फळ फेकून दिलं नसेल तर डबल पिशवीत बंद करून ठेवा, झाडाखालची माती हलवू नका. हे वाचून झाल्यावर चहा नंतर घ्या, आधी वनस्पती संरक्षण अधिकाऱ्यांना फोन करा.