स्थानिक कारभाराच्या बैठकांना लोक यावेत म्हणून काय करावं?

बोलावण्याआधी लोकांच्या हातात एखादा खरा निर्णय द्या. तो नसेल तर कितीही पत्रकं वाटा, खुर्च्या रिकाम्याच राहतात. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून नगरपालिकेच्या विकासखर्चाचा काही भाग कुठे वापरायचा हे रहिवासी ठरवू लागले. आपण मागितलेला रस्ता, गटार खरंच झालेलं दिसलं, तेव्हा गरीब वस्त्यांतली माणसंही मोठ्या संख्येने यायला लागली. विषयही नेमका हवा. ‘परिसर विकासाबाबत चर्चा’ अशा सूचनेकडे कोण बघणार? ‘शाळेसमोरच्या वळणावर दिवा कुठे बसवायचा, हे मंगळवारी ठरणार’ असं लिहा, शाळकरी मुलांचे आईवडील नक्की थांबून वाचतील. आणि पुढची बैठक मागच्या ठरावाचं काय झालं ते वाचूनच सुरू करा, काम अडलं असेल तरीही. माझ्या मते हे सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि विश्वास तिथेच तुटतो. मात्र सत्तेवरच्यांची साथ नसेल तर हे टिकत नाही: पोर्तो अलेग्रेतही 2004 च्या निवडणुकीत सत्ता बदलल्यावर या पद्धतीचा जोर ओसरत गेला.