खंडाळ्याचा राजमाची पॉइंट केव्हा आणि कसा पाहावा?

पावसाळा ओसरत असताना, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐन पावसात दरी धुक्याने भरते आणि पुष्कळदा काहीच दिसत नाही; पाऊस उघडल्यावर मात्र उल्हास नदीचे खोरे आणि पलीकडे श्रीवर्धन व मनरंजन हे राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले स्वच्छ दिसतात. हा पॉइंट म्हणजे किल्ला नव्हे, हे आधीच ध्यानात घ्यावे, कारण किल्ल्यावर जाण्यासाठी लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीची वेगळी आणि बरीच लांबची वाट धरावी लागते.

शक्य असल्यास द्रुतगती मार्गाने थेट न येता खोपोलीहून शिंग्रोबाच्या जुन्या घाटाने वर यावे. बोरघाटातील गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला. त्याच काळातला अमृतांजन पूल मात्र 2020 मध्ये पाडण्यात आला, ही हळहळ वाटावी अशीच गोष्ट आहे. ज्या धनगराने इंग्रज अभियंत्यांना या डोंगरातून वाट दाखवली असे परंपरा सांगते, त्या शिंग्रोबाचे मंदिर याच रस्त्यावर आहे आणि तेथे क्षणभर तरी थांबल्यावाचून पुढे जाऊ नये, कारण हा घाट कोणाच्या माहितीवर उभा राहिला त्याची आठवण तेवढ्या एका ठिकाणी जपली गेली आहे.

शनिवार-रविवारी वाहनांची मोठी कोंडी होते, त्यामुळे मधल्या वारी सकाळी लवकर पोहोचावे. कठड्यापलीकडे जाऊ नये आणि माकडांसमोर खाद्यपदार्थ उघडू नयेत.