बाबांच्या सहीचा प्रश्न

‘मॅडम, बाबांवर औषधाचा प्रयोग करणार आहेत. तुम्हीच समजवा त्यांना.’ असे फोन मला अधूनमधून येतात. बोलणारा मुलगा, मुलगी किंवा सून असते. ज्यांच्यावर ‘प्रयोग’ होणार ते स्वतः क्वचितच फोन करतात.

ठाण्यात वर्तकनगरला राहणाऱ्या एका मुलीचाही असाच फोन आला. वडील त्र्याहत्तर वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त, जुना मधुमेह. परळच्या ओपीडीत डॉक्टरांनी नव्या गोळीच्या चाचणीबद्दल विचारलं आणि काकांनी घरी न विचारता ‘हो’ म्हणून टाकलं. सही व्हायची होती. कागद वाचायला घरी दिले होते.

दोघं भेटायला आले. मुलीला मी जरा थांबवलं आणि काकांना म्हटलं, ‘चाचणीत काय होणार आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा.’

‘नवी गोळी देणार, माझी शुगर खाली येणार. शिवाय डॉक्टर इतके चांगले, त्यांना नाही कसं म्हणायचं?’

मुलीला गोळीची भीती वाटत होती. मला काळजी वाटली ती या उत्तराची. चाचणी म्हणजे आपल्यासाठी खास निवडलेला उपचार, असं बहुतेकांना वाटतं. कागद मराठीतच होते, आम्ही ते सावकाश वाचले. नेहमीची औषधं चालू राहणार होती. त्यांच्या जोडीला कोणाला नवी गोळी आणि कोणाला औषध नसलेली, हुबेहूब तशीच दिसणारी गोळी मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार होतं. कोणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही कळणार नव्हतं.

‘म्हणजे मधुमेहवाल्याला साखरेची गोळी!’ काका हसले. (साखर नसते हो त्यात, पण विनोद चांगला होता.)

मुलीने विचारलं, ‘काही झालं तर?’ मी सांगितलं, औषधचाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार नैतिकता समितीची (सहभागी लोकांच्या हिताकडे लक्ष देणाऱ्या समितीची) मंजुरी लागते, चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते, चाचणीदरम्यान इजा झाली तर उपचार मोफत आणि इजा चाचणीमुळेच झाली असेल तर भरपाईही. कागदावरचा नोंदणी क्रमांक तिने तिथेच मोबाइलवर शोधला आणि तो सापडला. त्याने धोका शून्य होत नाही, हेही मी सांगितलं. नव्या औषधाचे सगळे परिणाम आधीच माहीत असते, तर चाचणी कशाला घेतली असती?

मग म्हाताऱ्यांना घ्यायचंच कशाला? तर गोळ्या सर्वांत जास्त तेच घेतात म्हणून. मूत्रपिंड मंदावलेलं, त्यात आणखी पाच गोळ्या चालू, अशा शरीरात औषध कसं वागतं ते धडधाकट तिशीतल्या माणसावरून कळत नाही. आणि प्रत्येक अभ्यासात औषध असतंच असंही नाही. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या ‘लासी’ या वाढत्या वयाविषयीच्या देशव्यापी पाहणीत पंचेचाळिशीपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा मिळून 72,000 हून अधिक जणांना प्रश्न विचारले, रक्तदाब आणि हाताच्या पकडीची ताकद मोजली.

‘पण मी सही करणार नाही,’ मुलगी म्हणाली. तिची सही कोणी मागितलीच नव्हती. समजून निर्णय घेता येत असेल, तर सही ज्याची त्याचीच. तिला हे लागलं, दिसलं मला. पण घरच्यांचं काम वेगळं असतं. मागे एकदा मध्यरात्री काकांची शुगर उतरून ते घामाने निथळले होते, हे काका विसरले होते, तिला आठवत होतं. ‘रात्री असं झालं तर फोन कोणाला करायचा?’ हा प्रश्न काकांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिला. त्याखाली आणखी एक लिहिला: ‘नाही म्हटलं तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना?’

दोन्ही प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली. उपचारांवर काही परिणाम होणार नाही आणि मधेच सोडायचं असेल तरी सोडता येईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तरी काकांनी सही केली नाही. प्रवासखर्च मिळणार होता, पण दर पंधरवड्याला उपाशीपोटी सकाळच्या गर्दीची लोकल पकडणं त्यांना झेपणारं नव्हतं. मुलीने सुटकेचा श्वास टाकला, तर म्हणाले, ‘तू नको म्हणालीस म्हणून नाही हं. हीच चाचणी ठाण्यात असती तर मी गेलो असतो.’