ग्राहक म्हणतोय स्पीड वाढवा, पण त्याची अडचण काय आहे?

प्रश्न: मी करवीर तालुक्यात फायबर नेटची कनेक्शनं देतो. नवीन प्लॅन काढायचाय म्हणून सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर विचारलं तर उत्तर एकच, स्पीड वाढवा आणि पैसे कमी करा. आमचा इंजिनिअर म्हणतो यावरून रिक्वायरमेंट (नेटनं नेमकं काय केलं पाहिजे याची तपासता येणारी अट) लिहिता येत नाही. मग विचारायचं तरी कसं?

उत्तर: दादा, इंजिनिअरचं बरोबर आहे. 'काय पाहिजे' विचारलं की माणूस त्याला सुचलेला उपाय सांगतो, अडचण पोटातच राहते. त्यापेक्षा दहा-बारा घरी स्वतः जावा, चहा घ्या आणि एवढंच विचारा की मागच्या वेळी नेट अडलं तेव्हा घरात काय चाललं होतं, आणि मग मधे न बोलता ऐका.

स्पीड मागणाऱ्या काकूंचा राऊटर खाली लोखंडी कपाटामागं असतोय आणि पोरगं माडीवर क्लासला बसतंय, तिथं ५० चं १०० एमबीपीएस करून काय उपयोग? मग रिक्वायरमेंट अशी लिहा: माडीवरच्या खोलीत तासाभराचा व्हिडिओ क्लास न अडकता चालला पाहिजे. हे तपासता येतंय, 'चांगलं नेट' तपासता येत नाही.

दुसरं म्हणजे लाईट, आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जीपॉनमध्ये (एका फायबरवरून अनेक घरांना नेट द्यायची पद्धत) फायबर घराघरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, म्हणजे तुमच्याकडच्या मुख्य यंत्राला, ओएलटीला, बॅटरी असली आणि घरातल्या ओएनटीला (फायबर जोडायची पेटी) आणि राऊटर वेगळा असला तर त्यालाही छोटा यूपीएस दिला (बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवरच चालतात) की गल्लीत अंधार असला तरी नेट चालू. पण मधे पोलवर साधा नेटवर्क स्विच (लाईन वाटणारी, विजेवर चालणारी पेटी) लावला असेल तर तोही लाईटीबरोबर जाणार, त्याचीही सोय बघा. लिहा: लाईट गेल्यावर ४ तास नेट चाललं पाहिजे.

पैशाचं म्हणाल तर उसवाल्याच्या हातात पैसा कारखान्याचं बिल आल्यावर एकदम येतो, त्याला महिन्याचा तगादा नको असतोय, वर्षाचा प्लॅन द्या. मोबाईलमध्ये ज्यांना फक्त बोलायचंय त्यांनाही डेटाचे पैसे भरावे लागायचे, म्हणून ट्रायने (टेलिकॉम नियामकाने) डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचा पॅक देणं सक्तीचं केलं, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. तीही गरजच होती, स्वस्ताईची मागणी नुसती वरवरची.

प्रत्येक रिक्वायरमेंटशेजारी ग्राहकाचं वाक्य त्याच्याच शब्दात लिहून ठेवा, इंजिनिअरला शंका आली की तेच वाचून दाखवा. आणि सुरुवात लाईटीपासून करा, पावसाळ्याच्या आत.