कृषी कार्यालय : कोणतं काम कोणाच्या टेबलावर?

या वेळच्या पत्रांमध्ये बियाणं, अनुदान, हप्ता असे विषय वेगवेगळे असले तरी तक्रार बहुतेकांची एकच आहे. "कार्यालयात गेलो, तिथून दुसरीकडे पाठवलं." म्हणून उत्तरं देताना काम कोणाकडे जातं आणि जाताना हातात कोणता कागद हवा, यावर भर दिला आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी कृषीची दोन कार्यालयं आहेत. एक म्हणतं तिकडे जा, दुसरं म्हणतं इकडचं काम नाही. खरं कोणाचं?

दोघांचंही, कारण ही दोन वेगळी घरं आहेत. तालुका कृषी अधिकारी हे राज्याच्या कृषी विभागाचे. त्यांच्या हाताखाली मंडळ कृषी अधिकारी, मग कृषी पर्यवेक्षक आणि गावपातळीवर कृषी सहायक. २०२५ मध्ये या शेवटच्या दोन पदांची नावं उप कृषी अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशी झाली. कागदावर नवं नाव लिहा, गावात विचारताना मात्र 'कृषी सहायक' म्हणा, लगेच घर दाखवतील. तालुक्याच्या वर उपविभागीय कृषी अधिकारी आणि जिल्ह्याला जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी.

दुसरं घर पंचायत समितीतलं. तिथले कृषी अधिकारी आणि विस्तार अधिकारी जिल्हा परिषदेचे. त्यांच्या वर जिल्हा परिषदेत कृषी विकास अधिकारी बसतात.

अवजारं, ठिबक, फळबाग असे महाडीबीटीवरचे (राज्याच्या अनुदान योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवरचे) बहुतेक अर्ज पहिल्या घरात जातात. बियाण्याची तक्रार पंचायत समितीत द्यायची. अनुसूचित जातीसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातीसाठीची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना, म्हणजे नवीन विहीर वगैरे, यांचे अर्जही महाडीबीटीवरच भरले जातात, पण पुढचं काम जिल्हा परिषद पाहते. गोंधळ होतो तो इथेच.

तिसरं घर लोक विसरतात : तहसील. सातबाऱ्यावरची चूक, वारसनोंद आणि अतिवृष्टीच्या मदतीची यादी हे सगळं महसूलचं काम आहे. पंचनाम्यावर तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशा तिघांच्या सह्या असतात, म्हणून यादीत नाव नसलं की लोक सहायकाला धरतात. यादी वर जाते ती तहसीलमधून. नाव यादीत असूनही पैसे आले नसतील तर तलाठ्याकडून आपला विशिष्ट क्रमांक घ्या आणि आपले सरकार केंद्रावर ई-केवायसी झाली आहे का ते पाहा. अडकलेले पैसे बऱ्याचदा तिथेच सापडतात.

प्रश्न : सोयाबीन पेरून दहा दिवस झाले, निम्मंसुद्धा उगवलं नाही. दुकानदार म्हणतो, "ओल कमी होती." दुबार पेरणी करायची आहे. तक्रार आधी की पेरणी आधी?

तक्रार आधी. रान एकदा मोडलं की तक्रार तपासायला येणाऱ्या समितीला बघायला काही उरत नाही. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा आणि एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या. अर्जात गट नंबर, क्षेत्र, पेरणीची तारीख, वाण, कंपनी, लॉट नंबर, किती पिशव्या आणि पेरणी कशाने केली, एवढं हवंच. सोबत बिलाची प्रत जोडा. रिकामी पिशवी, तिच्यावरचं लेबल आणि शिवणीतला टॅग जपून ठेवा, मूळ वस्तू कोणालाही देऊ नका. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, त्यावर लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली असते. बिलावरचा लॉट नंबर आणि टॅगवरचा लॉट नंबर जुळतो का, हे घरीच पाहून जा. इथे एक आकडा चुकला तरी कंपनीचा माणूस तोच धरून बसतो.

तक्रार निवारण समिती शेतावर येते. त्यात कृषी खात्याचे अधिकारी, कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राचा तज्ज्ञ असे लोक असतात. ते येण्याआधी तुम्ही स्वतः एक काम करा. एक मीटर लांबीची काठी घ्या आणि रानात पाच-सहा ठिकाणी तासाला (पेरलेल्या ओळीला) लावून रोपं मोजा. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरलं असेल तर मीटरमध्ये साधारण २० बिया पडलेल्या असतात. सोयाबीनसाठी उगवणीचं किमान प्रमाण ७० टक्के आहे, म्हणजे १४ च्या आसपास रोपं दिसायला हवीत. जिथे रोप नाही तिथे बोटाने माती उकरा. बी फुगून मऊ, कुजलेलं निघालं तर बियाण्यात जीव नव्हता किंवा पाणी साचलं होतं. बी कोरडंच असेल तर ओल कमी पडली. आणि कोंब फुटून मातीतच वाकडा झालेला दिसला तर बी खोल गेलं आहे किंवा वर पापुद्रा धरला आहे. हा तिसरा प्रकार तुमच्या विरोधात जातो हे आधीच माहीत असलेलं बरं. सोयाबीन ३ ते ४ सेंटिमीटरवर पडायला हवं. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने ते सहज ६-७ वर जातं, आणि समिती पट्टी लावून खोली मोजते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरलं असेल तर तोही मुद्दा निघतो.

एक कारण कोणी सांगत नाही : सोयाबीनचं टरफल पातळ असतं. ट्रकमधून, दुकानातून, गाडीवरून पिशवी आपटत आणली की आतल्या बीला मुका मार बसतो आणि लॉट प्रयोगशाळेत पास झालेला असला तरी रानात नापास होतो. म्हणून पेरणीआधीची घरगुती उगवण चाचणी महत्त्वाची. शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट रोज ओलं करा आणि सात-आठ दिवसांनी कोंब मोजा. प्रत्येक लॉटमधलं मूठभर बी बाजूला ठेवलं तर पुढे उपयोगी पडतं.

वाफसा (पेरणीजोगी ओल) निघून चालला असेल आणि समिती आलीच नसेल, तर सगळं रान मोडू नका. मधोमध चार-पाच तासांचा पट्टा तसाच ठेवा, तारखेसह फोटो काढा आणि पट्टा ठेवल्याचं दुसऱ्या अर्जात लिहून द्या. समितीतल्या अधिकाऱ्यांना एक विनंती लेखी करा : याच लॉटची सीलबंद पिशवी दुकानात शिल्लक असेल तर बियाणे निरीक्षकाने तिचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवावा. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. उगवणीची टक्केवारी आणि निष्कर्ष हे रकाने कोरे असतील तर सही करू नका. प्रत मागून घ्या.

समिती भरपाई देत नाही, अहवाल देते. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कंपन्या तिथे हमखास म्हणतात की शेतकऱ्याने बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी केलेली नाही. शेतकरी सगळं बी पेरतो, तपासणीसाठी राखून ठेवेल अशी अपेक्षा धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमच्या २०१२ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. वकिलाला हा निकाल दाखवा.

प्रश्न : महाडीबीटीवर रोटाव्हेटरसाठी निवड झाली. विक्रेता म्हणतो, "आजच घेऊन जा, कागद मागून करू." घ्यावा का?

नाही. निवड म्हणजे पूर्वसंमती नव्हे, आणि बरेच अर्ज बाद होतात ते याच एका समजुतीने. निवडीचा संदेश आला की दरपत्रक, त्या मॉडेलचा शासनमान्य संस्थेचा परीक्षण अहवाल आणि ट्रॅक्टरचं आरसी बुक पोर्टलवर चढवायचं. छाननी होऊन पूर्वसंमतीपत्र निघालं की मग खरेदी. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असली तर कोणताही अधिकारी इच्छा असूनही अनुदान काढू शकत नाही.

दरपत्रकातलं मॉडेल, परीक्षण अहवालातलं मॉडेल आणि बिलातलं मॉडेल अक्षरशः एकच हवं. विक्रेते मागच्याच एखाद्या मॉडेलचा अहवाल जोडून देतात, तपासा. पैसे रोखीने देऊ नका, खात्यातून द्या, म्हणजे पुरावा राहतो. नंतर मोका तपासणीला अधिकारी येतात, यंत्रावरचा अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहतात आणि फोटो काढतात. तोवर क्रमांकाच्या पट्टीवर रंग मारू नका. हसू येईल, पण त्यावरून तपासणी खोळंबते. आता पोर्टलवर शेतकरी ओळख क्रमांकाशिवाय अर्ज होत नाही. त्यात तुमचे सगळे गट जोडले गेले आहेत का, हेही एकदा बघून घ्या.

प्रश्न : वडील वारले. त्यांच्या खात्यावर पीएम किसानचे दोन हप्ते आले, मग बंद झाले. आता माझ्या नावावर कसे सुरू होतील?

वडिलांची नोंद तुमच्या नावावर 'वळवता' येत नाही. आधी तलाठ्याकडे वारसनोंद, फेरफार (मालकीबदलाची नोंद) मंजूर, सातबाऱ्यावर तुमचं नाव, मग शेतकरी ओळख क्रमांक, आणि त्यानंतर पोर्टलवर नवी नोंदणी, असाच क्रम. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदी केलेल्या जमिनीवर ही योजना मिळत नाही, वारसाने आलेल्या जमिनीवर मिळते. म्हणून फेरफाराची प्रत अवश्य जोडा, नाहीतर नव्याने जमीन घेतली असं समजून अर्ज नाकारला जातो. मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते परत करावे लागतात. ते खर्चू नका, तालुका कृषी कार्यालयात लेखी कळवून परतीची पद्धत विचारा.

नोंदणी झाली तरी पैसा येत नसेल तर पोर्टलवर 'लाभार्थी स्थिती' उघडा. तिथे तीन गोष्टी दिसतात. जमिनीच्या नोंदीपुढे 'नाही' असेल तर तहसील किंवा तलाठी. ई-केवायसी बाकी असेल तर सामायिक सुविधा केंद्र. आधार बँकेशी जोडलेला नसेल तर बँक, आणि तिथे "आधार लिंक आहे" एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. खात्याला आधार क्रमांक नुसता नोंदवणं वेगळं आणि अनुदान थेट जमा होण्यासाठी जोडणं वेगळं. दोन-तीन बँकांत खाती असतील तर पैसा शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. अनेकांचा 'न आलेला' हप्ता जुन्या विसरलेल्या खात्यात पडलेला सापडतो. केंद्र सरकारच्या या योजनेची चौकशी १५५२६१ या क्रमांकावर होते. राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी याच यादीवर चालतो, त्यासाठी वेगळा अर्ज नाही.

प्रश्न : युरियाच्या गोणीबरोबर दुसरं औषध घ्यायला लावतात.

ही सक्ती बेकायदा आहे. ४५ किलोच्या गोणीची छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. पॉस मशिनचं (दुकानातल्या विक्रीनोंदीच्या यंत्राचं) बिल मागा, त्यावर युरिया आणि सोबतची वस्तू दोन्ही येऊ द्या. तेच बिल जोडून पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. बिलाशिवाय तोंडी तक्रारीवर दुकानाची तपासणी होते, पण कारवाई टिकत नाही.

प्रश्न : अर्ज देऊन दोन महिने झाले, उत्तर नाही. आता?

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला होता का? तो नसेल तर कार्यालयाच्या लेखी तुमचा अर्ज नाहीच. नव्याने द्या, आवक-जावकच्या टेबलावर द्या, साहेबांच्या हातात देऊ नका. घ्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा.

शिक्का असेल तर वरच्या कार्यालयाला त्याच क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या. तेही वाया गेलं तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे गाऱ्हाणं त्यात लिहू नका. "अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची व पत्रव्यवहाराची प्रत द्यावी" एवढंच मागा. 'का केलं नाही' असं विचारलं की 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. नस्तीची (फाइलची) प्रत मागितली की फाइल कोणत्या टेबलावर, किती दिवस पडून होती हे तारखांसह दिसतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.